मोरछाप जोडा

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतक्या वर्षांपूर्वीची, की त्या राजाचे नाव सांगितले तरी आज कुणाची बदली होणार नाही. तरीही नको सांगायला, सवय वाईट.

त्या राज्यात एक चमत्कारिक रिवाज होता. दरबारात कोणाचे गाऱ्हाणे ऐकायचे हे त्याने देवडीवर काढून ठेवलेल्या जोड्यावरून ठरत असे.

रिवाज सुरू झाला तेव्हा त्यात शहाणपण होते. राजाचा आजा मोठा समजूतदार माणूस. ज्याचा जोडा अधिक झिजलेला तो अधिक लांबून चालत आला, तेव्हा त्याचे आधी ऐकायचे, असा त्याचा हुकूम होता. आजा गेला आणि प्रश्न आला, की झीज मोजायची कशी? पुष्कळ खल झाला. शेवटी दरबारच्या कारकुनांनी असे शोधून काढले, की लांबून येणारे लोक बहुधा दक्षिणेकडच्या एका गावचा मोरछाप जोडा घालतात, कारण तो टिकतो. तेव्हा झीज बघण्याऐवजी छाप बघावा. छाप बसल्या जागेवरून दिसतो, वाकावे लागत नाही. अशा रीतीने ज्याचा जोडा मोरछाप त्याचे ऐकायचे आणि बाकीच्यांनी घरी जायचे, असा नियम झाला. नियम करणाऱ्यांना बढती मिळाली.

मग मोरछाप जोड्याचा भाव असा चढला, की लांबून चालत येणाऱ्यांना तो परवडेना. ज्यांना परवडे ते पालखीतून येत. आणि भाव चढला की नकला निघतातच. थोड्याच वर्षांत राजधानीच्या बाजारात मोरछाप जोडे इतके झाले, की ते सगळे खरे असते तर राज्यात एकही म्हैस उरली नसती.

याच राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी एक खेडे होते. खेड्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते; एक ओढा तेवढा होता. तो उन्हाळ्यातही वाहायचा. त्याच्यावर गावाची भातखाचरे, गुरे, माणसे आणि माणसांची भांडणे, सगळे चाललेले होते.

राजाच्या मेहुण्याला आपल्या बागेत कमळांचे तळे हवे होते. कमळे चिखलात उगवतात हे त्याने ऐकले होते, पण चिखलाला पाणी लागते हे त्याच्या चाकरांनी त्याला नंतर सांगितले. मग ओढा वळवायचे ठरले. हुकूम लिहून तयार झाला. पौर्णिमेच्या दरबारात शेवटची नौबत झडली की त्यावर शिक्का उमटायचा होता. त्याआधी कोणी हरकत घेतली तर राजाला ती ऐकून घ्यावी लागे. अर्थात हरकत घेणाऱ्याचा जोडा मोरछाप असला तर.

गावात कोणाकडेच तसला जोडा नव्हता. गावाने देवळातली पुरुषभर उंचीची पितळी समई विकली आणि जोडा घ्यायचे ठरवले. देवाला विचारले नाही. देवालाही पाणी लागतेच, असे पुजारी म्हणाला.

आता जोडा घ्यायला आणि दरबारात बोलायला कोणाला धाडायचे यावर फारशी चर्चा झाली नाही. गावात असा एकच माणूस होता. त्याला सगळे चिकित्सक म्हणत, आणि त्याला ते आवडे.

चिकित्सक आयुष्यात कधी फसलेला नव्हता. दही घेताना तो आधी मडके हुंगे, मग गवळ्याला हुंगे. बैल घेण्यापूर्वी बैलाच्या गोठ्यात मुक्कामाला जाई. बायको मात्र आईबापांनी ठरवली म्हणून न बघता केली होती. ती चांगली निघाली याचे त्याला अजून आश्चर्य वाटे. गावातल्या कुणालाही काही विकत घ्यायचे असले की तो चिकित्सकाला बरोबर नेई, आणि परत येताना वस्तू चांगली पण माणूस वैतागलेला, असे दोन्ही मिळून घरी येई.

ही कामगिरी आली तसा चिकित्सक तयारीला लागला. गावात एक म्हातारा शिपाई होता. त्याला जुन्या राजाच्या अमदानीत मोरछाप जोडा बक्षीस मिळालेला होता. त्याचे तळ केव्हाच गेले होते, पण वरचा भाग शाबूत होता. शिपाई म्हणाला, की देवडीवर काढूनच ठेवायचा आहे, तर तळ कशाला हवा, हाच घेऊन जा. लोक हसले. चिकित्सक हसला नाही. खोटेपणाने आपण खरे काम करायला जाणार नाही, असे तो म्हणाला, आणि तो जोडा मांडीवर घेऊन बसला. सकाळी बसला तो गुरे घरी येईपर्यंत उठला नाही.

उठला तेव्हा त्याला सगळे कळलेले होते. खरा जोडा बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा असतो. नाकाजवळ धरला तर सालीचा तुरट वास येतो, खळीचा येत नाही. टाच वाकवली तर ती आपणहून परत जागेवर जाते. मोराचा छाप रंग देण्याआधी दाबलेला असतो, म्हणून पिसाऱ्याच्या खोबणीत रंग दाट उतरतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मोरांची नजर. उजव्या जोड्यावरचा मोर डावीकडे बघतो आणि डाव्यावरचा उजवीकडे. दोन्ही पाय जुळवून उभे राहिले की मोर समोरासमोर येतात. त्यासाठी दोन ठसे कोरावे लागतात. नक्कल करणारा एकच ठसा कोरतो आणि दोन्हीकडे दाबतो, म्हणून त्याचे दोन्ही मोर एकाच बाजूला बघतात.

हे त्याने गावाला इतक्या वेळा सांगितले, की बायका चुलीजवळही मोरांच्या नजरेबद्दल बोलू लागल्या.

चिकित्सकाबरोबर गावचे पाटील निघाले. पाटील अंगाने जड, पायात साध्या वहाणा, आणि घाट चढताना त्यांना राजाबद्दल जे वाटले ते त्यांनी घाटातच बोलून टाकले, म्हणजे दरबारात चुकून तोंडातून जायला नको.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दोघे राजधानीत पोचले. बाजारात जोड्यांची एक आख्खी गल्ली होती. पहिल्याच दुकानदाराने चिकित्सकाला हात धरून आत बसवले, पाणी दिले, आणि हा शेवटचाच जोड उरला आहे असे सांगितले. मागे तसलेच जोड ढिगाने पडलेले होते. ते कोणाचे असे विचारल्यावर तो म्हणाला, तेही शेवटचेच आहेत. दुसऱ्या दुकानदाराने निम्म्या भावात द्यायची तयारी दाखवली. चिकित्सक पाटलांना म्हणाला, की इतका स्वस्त देतो म्हणजे काय द्यायचे नाही ते तो आधीच ठरवून बसला आहे. तिसऱ्याने जोडा हातातच घेऊ दिला नाही. घामाने छाप खराब होतो, असे त्याचे म्हणणे. चौथ्याच्या जोड्याला वास चांगला होता, पण तो सालीचा नव्हता, अत्तराचा होता.

पाटील गल्लीच्या तोंडाशी एका ओट्यावर पाय चोळत बसले. चिकित्सक मात्र आनंदात होता. प्रत्येक दुकानातून बाहेर पडताना तो आतल्यापेक्षा थोडा उंच दिसे.

दिवे लागायच्या सुमाराला गल्लीच्या टोकाला एक दुकान सापडले. मालक पेंगत होता. त्याने पाणी विचारले नाही, भाव सांगितला तो भलताच, आणि कमी करायला नकार दिला. चिकित्सकाने जोडा हुंगला, वाकवला, पिसाऱ्यावरून नख फिरवले. मग दोन्ही जोडे शेजारी ठेवले. मोर एकमेकांकडे बघत होते. समईचे सगळे पैसे तिथे गेले. चिकित्सकाला इतका आनंद त्याच्या मुलाच्या बारशालाही झाला नव्हता.

"अस्सल आहे," तो पाटलांना म्हणाला.

"असू द्या," पाटील म्हणाले. "उद्या तेवढं ओढ्याचं नीट बोला."

पौर्णिमेच्या सकाळी दोघे देवडीवर गेले. देवडीवर एक नाईक बसलेला असे. त्याचे काम जोडे बघून माणूस आत सोडायचे. त्याच्यासमोर दगडी पायरीवर प्रधानाचे, सेनापतीचे, सरदारांचे, सावकारांचे जोडे रांगेने मांडलेले होते. सगळे मोरछाप, आणि सगळे चकचकीत.

नाईकाने चिकित्सकाचे जोडे रांगेत ठेवले, मागे सरून बघितले आणि कपाळाला आठी घातली. मग ते उचलून बाजूला ठेवले.

"खोटा आहे," तो म्हणाला.

चिकित्सकाला आधी ऐकू आले नाही. म्हणजे आले, पण ते आपल्याला उद्देशून असेल असे त्याला वाटले नाही. त्याने मागे वळून बघितले. मागे पाटील होते.

नाईक तसा वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितले. तुमचा एक मोर इकडे बघतो आणि एक तिकडे. या रांगेत बघा, एक तरी मोर असा आहे का? सगळे एकाच दिशेने बघतात. मी या पायरीवर म्हातारा झालो, असला जोडा मी पाहिला नाही.

चिकित्सकाने रांगेकडे बघितले. खरेच, प्रधानापासून शेवटच्या सावकारापर्यंत सगळ्यांचे मोर एकाच बाजूला माना वळवून बसलेले होते. आणि तेव्हा त्याला जे कळले ते कळल्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. चिकित्सकाने खाली वाकून प्रधानाचा जोडा उचलला.

पाटलांनी त्याचा सदरा धरला आणि त्याला खांबाआड ओढले. समोर दहा पावलांवर दुकान आहे, ते म्हणाले. नाईकाच्या मेहुण्याचेच असणार. तसला एक जोड घ्या आणि आत जा. समईचे पैसे संपले, हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांनी मनगटातले चांदीचे कडे काढायला सुरुवात केली. ते घट्ट बसलेले होते. थुंकी लावूनही निघेना.

"पाटील, ते सगळे खोटे आहेत," चिकित्सक म्हणाला.

"आहेत ना. म्हणून तर आत गेलेत."

"आणि मी खोटा घालून जाऊ? मी?"

पाटील कडे ओढायचे थांबले. "तुम्ही नाही हो," ते म्हणाले. "ओढा जाणार आहे आत. तुम्ही नुसते त्याला घेऊन जायचं."

पण तोवर चिकित्सक पुन्हा पायरीकडे गेलेला होता. त्याने प्रधानाच्या जोड्याची टाच वाकवली. टाच वाकली ती वाकलेलीच राहिली. त्याने सेनापतीचा जोडा नाईकाच्या नाकाजवळ धरून खळीचा वास घ्यायला लावला. सावकाराच्या जोड्याचा तळ नखाने थोडा उचकटला, तर आत गवत भरलेले निघाले. लोक गोळा झाले. भोई पालख्या सोडून बघायला आले. चिकित्सक बोलत होता आणि लोक माना डोलवत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वस्तूला साजेशी माणसे भेटली होती.

नाईक घाबरला. त्याने आतून सरकारी पारख्याला बोलावून आणले. पारखी अनवाणी आला. त्याचा जोडा रांगेत होता आणि त्याला गवताचे ठाऊक असावे, कारण त्याने तो आधी लांब सरकवला. त्याने चिकित्सकाचा जोडा हातात घेतला, पिसाऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर असे काही आले, जसे जुने ओळखीचे माणूस गर्दीत दिसावे. मग ते गेले.

"तुमचं म्हणणं खरं आहे असं धरू," तो हळू आवाजात म्हणाला. "मग आत बसलेत ते कोण?"

"फसलेले," चिकित्सक म्हणाला.

पारख्याने हे प्रकरण स्वतःच्या अंगावर घ्यायचे नाही असे ठरवले आणि ते वर धाडले. अशा रीतीने चिकित्सक दरबारात गेला. ओढ्याचे गाऱ्हाणे घेऊन नाही. जोड्याच्या तंट्यात प्रतिवादी म्हणून, दोन शिपायांच्या मधून, अनवाणी. पाटील देवडीच्या उंबऱ्याशी उभे राहून मान उंच करून बघत होते. त्यांना वाटले, कसा का होईना, आत तर पोचला.

राजा त्या दिवशी कंटाळलेला होता. सकाळपासून त्याने जमिनीचे वाद ऐकले होते. जोड्याचा तंटा ऐकून त्याला जरा हुशारी आली. त्याने चिकित्सकाला बोलू दिले. चिकित्सक बोलला, आणि छान बोलला. बाभळीच्या सालीबद्दल बोलला, खोबणीत उतरणाऱ्या रंगाबद्दल बोलला. दरबारातल्या प्रत्येकाला ते पटले. पटल्यामुळेच कोणी कोणाकडे बघेना. मेहुणा तेवढा जांभया देत होता. शिक्का घेतलेला चाकर त्याच्या मागे उभा होता.

प्रधान म्हणाला, की नौबत व्हायला आता थोडाच वेळ आहे. हा गृहस्थ मुळात आला होता कशासाठी?

पारख्याला त्या माणसाची दया आली, की स्वतःची आली, कोण जाणे. तो चिकित्सकाच्या कानाशी वाकला. "एवढंच म्हणा, की माझी चूक झाली, जोडा खोटा निघाला," तो म्हणाला. "मी लगेच दुसरा देववतो. तंटा मिटेल, आणि मग तुमचं काय असेल ते बोला. महाराज ऐकतील. आज ऐकायच्या मनःस्थितीत आहेत."

चिकित्सकाने उंबऱ्याकडे बघितले. पाटील हातांनी पाण्याची खूण करत होते. चिकित्सकाला ओढा आठवला. खडकावर कपडे आपटणाऱ्या बायका आठवल्या, खाचरात पायांना लागणारा गार चिखल आठवला. तीन-चार शब्दांचे काम होते. त्याने ते मनात जुळवलेही. जोडा खोटा निघाला. हे शब्द त्याने आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत किती सहज म्हटले होते. आता ते स्वतःबद्दल म्हणायचे होते. मी फसलो, असे चारचौघांत म्हणायचे, आणि तेही न फसता.

तरी त्याने तोंड उघडले. म्हणणारही होता. पण बोलण्यासाठी त्याने नम्रपणे मान खाली घातली, आणि त्याची नजर राजाच्या पायांवर गेली. दरबारात जोडे घालून बसायचा मान एकट्या राजाचा होता. मखमली आसनापुढे ते दोन पाय जुळलेले होते आणि दोन्ही मोर मेहुण्याकडे बघत होते.

"महाराज," चिकित्सक म्हणाला, "आपलासुद्धा खोटा आहे."

दरबारात इतकी शांतता झाली, की बाहेर भोयांनी विडी पेटवलेली ऐकू आली. राजाने पाय हळूच आसनाखाली घेतले आणि हात हलवला. नौबत झडली. चाकर पुढे झाला, आणि हुकुमावर शिक्का उमटला.

चिकित्सकाला शिक्षा झाली नाही. शिक्षा केली असती तर त्याचे म्हणणे ऐकले असे झाले असते. त्याचा जोडा त्याला परत मिळाला. महिनाभराने दक्षिणेकडच्या त्या गावाला मात्र एक फर्मान गेले, की यापुढे दोन्ही मोर एकाच बाजूला बघतील असे कोरावेत. वेगळे कोरणाऱ्याचे हात कलम होतील. चर्मकारांनी एक ठसा विहिरीत टाकला आणि कामाला लागले. कामही निम्मे झाले.

परतीच्या वाटेवर पाटील घाट चढून होईपर्यंत बोलले नाहीत. माथ्यावर ते धोंड्यावर टेकले. कड्याने मनगट सुजले होते.

"पटलं होतं का त्यांना?" त्यांनी विचारले.

"सगळ्यांना पटलं होतं," चिकित्सक म्हणाला. "तोंडावरून दिसत होतं."

"मग झालं तर," पाटील म्हणाले, आणि उठले.

पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यात धोंडे तेवढे राहिले. आधी गुरे विकली गेली, मग गाड्या जुंपल्या गेल्या. पाटील आपल्या मुलीच्या गावी गेले. पुजारी देवाला घेऊन गेला. चिकित्सकाला कोणी शिव्या दिल्या नाहीत. लोकांनी एवढेच केले, की जाताना कोणी त्याला काही विचारले नाही. गाडीचे चाक धड आहे का, एवढेसुद्धा नाही.

मागे राहिलेली चार घरे डोंगरापलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणू लागली. वाट उन्हाची, तापलेल्या खडकाची. चिकित्सकही कावड घेऊन रोज त्या वाटेने जाई. पुढे त्याची बायको डोक्यावर घागर घेऊन अनवाणी चाले, आणि तिच्या तळव्यांना भेगा पडत गेल्या. त्याने तिला जोडा देऊ केला होता. ती नको म्हणाली. कारण तिने सांगितले नाही, आणि त्याने विचारले नाही.

त्याच्या पायांना मात्र काही झाले नाही. वर्षे गेली तरी तळ झिजला नाही, टाच वाकली तरी जागेवर येत राहिली. जोडा खरोखरच अस्सल होता.

तात्पर्य: खोटा माल ओळखता यावा हे चांगलेच, पण आपण बाजारात कशासाठी आलो होतो हे विसरलेला पारखी खोट्या मालापेक्षा महाग पडतो.